बाबा सात वेळा थांबले

माझा धंदाच संशयाचा. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यानं केलेलं काम "चालतंय" म्हटलं की ते कुठे चालत नाही हे शोधायचं, त्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे अमेरिकेत पिस्कॅटवेच्या आमच्या घरी राहायला आलेल्या बाबांनी एप्रिलमध्ये परतीचं तिकीट पुढे ढकललं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडची ट्यूलिपची फुलं बघून जातो. या माणसाला उभ्या आयुष्यात गुलाब आणि जास्वंद यांतला फरक कळलेला नाही.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये एकटे राहतात. आई पाच वर्षांपूर्वी गेली, हृदयविकारानं, काही कळायच्या आत. तेव्हापासून मी आणि बेंगळुरूचा माझा भाऊ बाबांनी कुणाकडे तरी कायमचं राहावं म्हणून मागे लागलोय. ते ताकास तूर लागू देत नाहीत. चाळीस वर्षं दर रविवारी लोकांना घेऊन गड चढलेला माणूस, त्याला म्हातारा म्हणायची कुणाची छाती नाही.

पण त्या महिन्यात एकेक गोष्ट दिसायला लागली. बाबा सकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलायचे. घरात वायफाय असताना बाहेर थंडीत कशाला? एकदा मी किचनची खिडकी किलकिली करून ऐकलं. पलीकडे त्यांच्या ट्रेकिंग ग्रुपमधले डॉक्टरकाका होते. बाबा सांगत होते, "दम लागतो. डावा खांदा. नाही, घरात अजून बोललो नाही."

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं. बाबा अंघोळीला गेल्यावर त्यांची खिशातली छोटी डायरी उघडली. ही डायरी मी लहानपणापासून पाहत आलेय. कुठला गड, पाणी कुठे, वाट कशी, हे सगळं त्यात असतं. या वेळी गड नव्हता. पानापानावर तारखा आणि पुढे एवढंच: "जिना. एकदा थांबणे." "जिना. दोनदा. हात छातीवर." "जिना. दोनदा. घाम."

आमच्या टाउनहाउसला दोन जिने आहेत. तळघरात वॉशिंग मशीन, सगळ्यात वर बेडरूम. बाबा दिवसभर मधल्या मजल्यावर जिन्यासमोरच्या खुर्चीत बसलेले असायचे. मला वाटायचं, कंटाळलेत. आता कळलं, जिना चढायचं टाळतायत.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "डायरेक्ट विचार ना." विचारून ते सांगणार आहेत का? मी म्हटलं, मी टेस्ट करते. नवऱ्याच्या एका कलीगनं कॅरिबियनमधल्या एका बेटावरच्या टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याबद्दल सांगितलं होतं. बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं, म्हणजे बाबांच्या व्हिसाची भानगड नाही. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. अगदीच काही झालं तर खाली उतरवता येईल एवढा. नवरा आणि लेक घरी राहणार होते, लेकीची परीक्षा होती. म्हणजे बाबा आणि मीच.

बाबांना सांगितल्यावर ते खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "गड कशाला? समुद्र बघू, वाळूत बसू."

गडाला नको म्हणणारे बाबा मी पहिल्यांदा पाहिले. झालं, माझी खात्रीच पटली. मी बुकिंग करून टाकलं. फ्लाइटमध्ये घास गिळवेना. पित्त चढलं होतं, गेले दोन महिने ते रोजचंच झालं होतं. दोन गोळ्या घेतल्या आणि बाबांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसले.

बेटावर एका छोट्या बोटीनं आम्हाला धक्क्यावर सोडलं. नावाडी तीन तासांनी येतो म्हणाला. त्या टेकडीवर दुसरं कुणी नव्हतं. काटेरी झुडपं, माणसाएवढी निवडुंगं, पायवाटेवर शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे. झाडांवर वाळवीनं बांधलेली डोक्याएवढी वारुळं. नऊ वाजताच ऊन भाजत होतं.

"तू पुढे चाल," बाबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, वा. म्हणजे मागे धापा टाकल्या तरी मला दिसणार नाहीत. पण मी कान मागे ठेवूनच चालायला लागले. सॅक मी घेतली होती. बाबांनी दोनदा मागितली. हा उसना रुबाब मला माहीत होता, मी दिली नाही. सॅकच्या पट्ट्यानं खांदा भरून आला होता, पण त्यात पाणी होतं, ग्लुकोज होतं आणि हृदयविकाराचा झटका आलाच तर चावायची ॲस्पिरिनची गोळी होती. ती मी बाबांसाठी घेतली होती.

दहा मिनिटं झाली असतील, बाबा म्हणाले, "थांब. हा कठड्याचा दगड बघ, इथलाच आहे. चुना मात्र पोवळ्याचा दिसतोय." मी थांबले. एक. मग पुढच्या वळणावर त्यांना खालचं बंदर दाखवायचं होतं. दोन. मग तोफ इथून वर कशी नेली असेल, यावर भाषण. तीन. चौथ्या वेळी घोरपडीसारखी एक इग्वाना फांदीवर पसरली होती, तर तिच्याकडे पाच मिनिटं बघत उभे. मी नजर चुकवून बाबांकडे पाहत होते. चेहरा लाल होता का? उन्हानं असेल. घाम होता, पण घाम मलाही आला होता. दर थांब्याला मी मनात आकडा वाढवत होते. आई गेली तेव्हा मी अमेरिकेत होते. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं होतं, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. मी तिला शेवटचं पाहिलंही नाही. बाबांच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नव्हते.

वर पोहोचलो तेव्हा सात थांबे झाले होते. किल्ला म्हणजे कमरेएवढी तटबंदी, छप्पर उडालेली पहारेकऱ्यांची खोली आणि खाली तिन्ही बाजूंना निळंशार पाणी. "याला किल्ला म्हणतात? आमच्याकडे एवढी चौकी असते," बाबा म्हणाले, आणि सवयीनं पाण्याचं टाकं शोधायला निघाले. मी तटाला टेकले. मला बोलायला जरा वेळ लागला.

"बाबा, इकडे या. आता खोटं बोलू नका. सात वेळा थांबलात. मी मोजलंय. डायरी वाचलीय मी. डॉक्टरकाकांशी बोलताना ऐकलंय. कधीपासून दुखतंय छातीत?"

बाबा माझ्यासमोर येऊन बसले. रागावले नाहीत. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. मला वाटलं, उत्तर टाळतायत. मग ते म्हणाले, "मी नाही थांबलो. तुला थांबवलं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन वर येताना तू दोनदा थांबतेस. खांदा चोळतेस. तीन महिने बघतोय."

मला आधी राग आला. मी म्हटलं, लॅपटॉपमुळे खांदा दुखतो, आणि बाकी सगळी ॲसिडिटी आहे. मी अजून पन्नाशीचीही नाही. आणि एवढंच होतं तर मला गड कशाला चढू दिला?

"नको म्हणालो होतो. तू ऐकलंस? इथल्या डॉक्टरची वेळ घेऊ म्हणून दोनदा बोललो, तू म्हणालीस, बाबा तुमचं काय दुखतंय. मग म्हटलं, चढणारच असशील तर माझ्या चालीनं चढ."

"सरळ सांगायचं ना, बाबा."

"काय म्हणाली असतीस?"

मी आत्ताच म्हणाले होते, ॲसिडिटी.

"तुझी आईही हेच म्हणायची," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं ग्रुपमध्ये कोण दमलंय ते मी नुसत्या पाठीवरून ओळखत आलो. घरातलं तेवढं दिसलं नाही."

मी डायरीतली पानं आठवत होते. "हात छातीवर." ते मीच होते. तळघरातून वर येताना मी थांबायचे हे मला माहीत होतं, खरं तर नीट माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच. मला भीती वाटली, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, बरंही वाटलं.

बाबांनी माझ्याच सॅकमधली ॲस्पिरिन हातात ठेवली. ती चावून खा म्हणाले. मग आम्ही सावलीत अर्धा तास नुसते बसलो. फोनवर भावाचा मेसेज आला होता, टेस्टचा रिझल्ट काय? मी लिहिलं, बाबा एकदम ठणठणीत आहेत. पुढची ओळ लिहायला घेतली, पण जमेना. फोन ठेवून दिला.

निघताना बाबा पुन्हा म्हणाले, "तू पुढे हो."

त्यांच्या ग्रुपचा नियम मी शाळेत असल्यापासून ऐकलेला आहे. जो सगळ्यात कच्चा, त्याला पुढे ठेवायचं, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीनं चालतात आणि त्याला मागे पडल्यासारखं वाटत नाही. त्याला दमलास म्हणायचं नाही. थांबवायचं आणि काहीतरी दाखवायचं. चढताना तो नियम मला एकदाही आठवला नव्हता.

मी खांद्यावरची सॅक काढून बाबांना दिली आणि पुढे झाले. पहिल्या वळणावर बाबा म्हणाले, थांब, ते बंदर बघ. बंदर येताना पाहून झालं होतं. मी थांबले आणि पाहिलं.