रुमेंकाच्या पाठीवरची रायफल

आमच्या माँटेनेग्रोच्या डोंगरात माणूस जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड उभारून ठेवतो. जन्मसाल कोरायचं, मरणाचं रिकामं सोडायचं, आणि मध्ये काळ्या ग्रॅनाइटवर पुरुषभर उंचीचं चित्र, शक्यतो हत्यारासकट. शेजारच्या रादोशने दगडावर आपल्या बापाच्या हातात मशीनगन दिली. बापाने जन्मभर टपाल वाटलं, पण बोलणार कोण?

ती मशीनगन पाहिल्यापासून आमचे हे, म्हणजे व्लादेता, जेवेनासे झाले. माझे सासरे पेरिशा तरुणपणी युगोस्लाव्ह सैन्याच्या डोंगरी तुकडीत होते. तोंडातून शब्द न काढणारा माणूस. खिशात कायम साखरेचे खडे, वाटेत भेटेल त्या घोड्यागाढवाला द्यायला. अशा बापाचा दगड हात हलवत उभा राहिला तर ह्यांचं नाक कापलं जाणार होतं.

दगड कोरणारा म्हणाला, "रायफल आणून दाखवा. अंदाजाने कोरणार नाही."

त्याचंही खरं होतं. पलीकडच्या गावात जर्मनांशी लढलेल्या एका पार्टिझानच्या हातात त्याने दगडावर चुकून जर्मन रायफल दिली, तेव्हापासून त्या घरात मुलगी द्यायला लोक कां कूं करतात.

मग काय, ह्यांनी अर्धा हिवाळा पोटमाळे आणि तबेले पालथे घातले. शेवटी एका म्हातारीच्या पलंगाखाली तेलकट कापडात गुंडाळलेली मिळाली, अगदी सासऱ्यांच्या तुकडीत असायची तशीच. बदल्यात डुकराच्या दोन मांड्या गेल्या, मी धुराने डोळे फोडून घेत सुकवलेल्या. मला विचारायची पद्धत आमच्यात नाही.

फोटोसाठी सासऱ्यांना जुनी टोपी घातली, अंगणात उभं केलं. ह्यांनी रायफल पुढे केली. सासऱ्यांनी हात मागे घेतले.

"ही माझ्या खांद्यावर कधी नव्हतीच," ते म्हणाले.

"बाबा, काहीतरी बोलू नका. मग कुणाच्या खांद्यावर होती?"

"रुमेंकाच्या पाठीवर. माझं खेचर होतं ती. तोफेचे भाग वाहायची, वर माझी रायफलही. नियमात बसत नव्हतं, पण ती काही म्हणायची नाही."

"आता खेचराचं काय मध्येच?"

"बर्फात घसरली, दरीत गेली. साहेब धावत आले. पहिला प्रश्न, रायफल कुठाय? दोर लावून माणसं उतरवली, रायफल वर आणली. रुमेंका खाली पाय मोडून पडली होती. संध्याकाळपर्यंत ओरडत होती. एक गोळी मागितली तिच्यासाठी, तर म्हणाले, हिशेब द्यावा लागतो."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते टोपी काढून आत गेले. मला रडू आलं, आणि मांड्या गेल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं.

हे मात्र तीन दिवस धुमसले. "दगडावर खेचर? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. दगड बाबांचा आहे, तुमचा नाही," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी हे न सांगता उठून गेले, दगडवाल्याकडे.

वसंतात दगड उभा राहिला. सारं गाव रकिया, म्हणजे आमची फळांची दारू, प्यायला जमलं. दगडावर सासरे उभे, तळहातावर साखरेचा खडा, आणि त्यावर मान वाकवलेली रुमेंका, पाठ मोकळी. रादोश प्याला घेऊन पुढे आला. त्याने डोकं तिरकं करून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "व्लादेता, अर्धा हिवाळा हिंडलास ना रे? मग रायफल कुठाय?"

सासऱ्यांची मान खाली गेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना मी ओळखते, लोक हसले की हे पहिले हसतात.

ह्यांनी प्याला खाली ठेवला आणि दगडावरच्या रुमेंकाकडे बोट केलं.

"आधी हिचं नाव विचार," हे म्हणाले.