वार पडेपर्यंत

कुमुदताई गेल्या, हे मला वाशीच्या बाजारात मेथी घेताना कळलं. भाजीवालीच म्हणाली, "सिस्टर, तुमच्या डाक्टरीनबाई गेल्या ना?" जुडी हातात तशीच राहिली... महिना होत आला त्याला. रडून झालं. आता आठवण आली की हसूच जास्त येतं. बाई होत्याच तशा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वाशी म्हणजे थोड्या इमारती आणि बाकी चिखल. तिथे ताईंनी छोटं प्रसूतिगृह काढलं आणि मी त्यांची नर्स झाले. क्वचित दिसणारी, भलतंच वळण घेणारी बाळंतपणं त्या लिहून काढायच्या आणि भागातल्या डॉक्टरांना रविवारी बोलावून वाचून दाखवायच्या. मंडळी यायची ती कांदेपोह्यांसाठी, पण ऐकायची. 'कारण माहीत नाही' असं लिहिलेलं ताईंना मुळीच खपत नसे. "माहीत नाही म्हणजे आपण विचारलं नाही!" असं म्हणून माझं डोकं खायच्या.

एकदा तळवलीहून सुमनला टेंपोत घालून आणली. पहिलटकरीण. बाळ घरीच झालेलं, धडधाकट. पण हिची गर्भपिशवी मोजा उलटा करावा तशी उलटून खाली आलेली, आणि रक्त थांबेना. मी तर गर्भगळित झाले. ताईंनी पिशवी हातानेच पुन्हा जागेवर बसवली. पोर वाचली. पण असं झालं कशानं? घरचे सगळे एकच म्हणत, "आपोआप झाला." सुमनला शुद्धच नव्हती, तिला काय ठाऊक! तिच्या नवऱ्याच्या आत्या तर व्हरांड्यात बसून ठरवूनच मोकळ्या झाल्या: सून सदोष आहे, हिला माहेरी धाडा. सुमन भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. सासू जनाबाई मात्र त्यांच्यात जाऊन बसत नसत.

पाचवीची पूजा खोलीतच करू द्या, असा जनाबाईंनी हट्ट धरला. ताईंनी आनंदाने परवानगी दिली. दिवेलागणीला पाटावर पूजा मांडली. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून कोरा कागद ठेवला आणि लेखणी म्हणून ताईंचंच पेन मागून घेतलं. झालं! हाताशी पेन नाही, तेव्हा ताई चटईवर मांडी घालून उकडलेले हरभरे खात बसल्या. कुणी काही लिहीत नाही म्हटल्यावर जनाबाईंना धीर आला असावा. एकदम म्हणाल्या, "मीच वढली नाल, बाय. वार पडं ना. वर चढंल, सून मरंल म्हनून भ्याले..."

बाळामागची वार सुटायच्या आधीच नाळ ओढली, म्हणून पिशवी उलटली होती तर! मी फणकारणार होते, पण ताईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. जनाबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वाचवायलाच गेलात ना? वार वर चढत नाही हो. वाट पाहिली की बहुतेकदा आपली आपण सुटते."

"माझा नाव लिव्हशील काय?"

"नाव नाही. काय झालं तेवढं लिहीन. दुसऱ्या कुणी ओढू नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी जनाबाई स्वतःच व्हरांड्यात गेल्या आणि आत्यांना म्हणाल्या, "सून कुठं जानार नाय. चूक माझी हाय." आत्यांची तोंडं बघण्यासारखी झाली! सुमन बाळाला घेऊन सासरीच गेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे दुसऱ्या खेपेला ती दिवस भरायच्या आधीच आमच्याकडे राहायला आली. एकदा उलटलेली पिशवी पुन्हाही उलटू शकते, म्हणून ताईंनी सगळी तयारी ठेवली होती. मुलगी झाली, नाळ कापली, आणि वार काही पडेना. सुमन घाबरून सासूकडे बघतेय, जनाबाई नाळेकडे. ताईंनी त्यांचा हात धरून सुमनच्या पोटावर ठेवला. "पोट घट्ट झालं की वार सुटते; तेव्हा सांगा मला. बाकी काही करायचं नाही." थोड्या वेळाने जनाबाई ओरडल्या, "झाला गं, झाला घट्ट!" वार आपली आपण आली, पिशवी जागच्या जागी. जनाबाईंनी जमिनीवर बसकण मारली आणि सुनेआधी त्याच रडल्या.

तेव्हापासून हा आमच्याकडचा रिवाजच झाला. परवा वार पडायला वेळ लागला, तशी एक सासू अधीर होऊन पुढे सरसावली. मी तिचा हात धुऊन सुनेच्या पोटावर ठेवला.

"आता काय करायचं, सिस्टर?"

"काही नाही. थांबायचं."

आणि आम्ही दोघी थांबलो.