पाण्यात कुठं उभं राहायचं

चाळिशी ओलांडली की बेळगावातल्या माणसाला दोनपैकी एक काहीतरी होतंच. एक तर गुडघे दुखायला लागतात, नाहीतर तो ट्रायथलॉन करायला लागतो. माझे गुडघे शाबूत होते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल मारायची, आणि एवढं करूनही जीव शिल्लक राहिलाच तर पळायचं. हे सगळं सलग, आणि कुणी शिक्षा दिलेली नसताना. मी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात दिवसभर खोट काढते. असं काम वर्षानुवर्षं केलं की आपल्यातही खोट असेल अशी शंका येईनाशी होते. सायकल येत होती, पळणं जमत होतं आणि पोहणं मी वयाच्या चाळिसाव्या वर्षी पोहण्याच्या तलावात शिकले होते. फॉर्म भरून टाकला.

पण ते पोहणं फरशांचं होतं. तळाला काळी रेघ, दोन्ही टोकांना भिंत, आणि दम लागला की सरळ उभं राहायचं, पाणी गळ्यापर्यंतसुद्धा येत नाही. स्पर्धा मात्र निपाणीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यात होती. तिथं ना रेघ, ना भिंत, ना तळाचा पत्ता. आणि शिट्टी वाजली की सगळे एकदम पाण्यात पडतात, हात, पाय, कोपरं, सगळं एकमेकांच्या अंगावर. मला पाण्याची भीती नव्हती. मला त्या सुरुवातीची भीती होती. तिथंच गुदमरून मला होडीत घेतील आणि सायकलला हात लावायच्या आधीच माझी ट्रायथलॉन संपेल, हे चित्र मला जेवताना, मीटिंगमध्ये आणि भांडी लावतानाही दिसायचं.

ही भीती मी आमच्या क्लबच्या ग्रुपवर बोलून दाखवली. मग काय विचारता. दातांच्या एका डॉक्टरांनी पाण्याशी मैत्री करा असं लिहिलं. एका बिल्डरांनी सकाळी केळं खा म्हणून सांगितलं, त्यावर दुसऱ्यांनी केळं अजिबात नको म्हणून सांगितलं, आणि पुढं दोन दिवस ग्रुपवर फक्त केळ्यावर वाद चालला. ज्यांनी आयुष्यात बादलीबाहेरच्या पाण्यात पाय घातला नव्हता, त्यांनी सगळ्यात लांब मेसेज पाठवला. त्यात मन हा शब्द इतक्या वेळा होता की माझं मन उडालं.

उपयोगाचं बोलले ते एकटे क्लबचे कोच. ते म्हणाले, "मागं आणि कडेला उभी राहा. शिट्टी वाजली की लगेच पडू नकोस. लाथा मारणारे जाऊ देत पुढं. पाणी मोकळं झालं की मग निघ. तरी घाबरलीस तर उताणी हो, आभाळाकडं बघ, श्वास सोड." मला हे इतकं पटलं की मी त्याचा जप सुरू केला. मागं आणि कडेला. कारखान्याच्या कँटीनमध्येसुद्धा मी ताट घेऊन सगळ्यात मागं उभी राहायला लागले. भाजी संपलेली असायची, पण चित्त शांत असायचं.

एकच अडचण राहिली होती. आप्पा.

माझे वडील निपाणीला राहतात. सरकारी बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झाले. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. गावची विहीर गावाची होती, आणि आमची वस्ती गावाच्या बाहेर. गावातल्या पोरांनी त्या विहिरीत मुटके मारले, सूर मारले. आमच्या पोरांनी तिच्या काठावर पाय ठेवायचा नव्हता. लहानपणी आप्पा घागर घेऊन लांब उभे राहायचे. सगळ्यांचं भरून झाल्यावर गावातल्या कुणाला दया आली तर ते वरून घागरीत पाणी ओतायचे. आमच्या घराण्यात पोहणारं कुणी नव्हतं, ते काही आळसामुळं नव्हे.

त्यामुळं आप्पांनी आयुष्यात एकच व्रत धरलं. कुठंही मागं उभं राहायचं नाही. रेशनला, बँकेत, लग्नाच्या पंगतीला, आणि विहारातल्या कार्यक्रमालासुद्धा, जिथं सगळे आपलेच असतात. मी शाळेत उंच होते. उंच मुली मागच्या रांगेत, हा फोटोवाल्याचा नियम. आप्पा दरवर्षी फोटोच्या दिवशी ड्यूटी बदलून यायचे आणि मला पुढं बसवायचे. माझ्या प्रत्येक वर्गाच्या फोटोत माझ्या डोक्यामागं एक रिबीन दिसते. ती कुणाची, ते शाळेलाही सांगता आलं नसतं. पुढं नोकरीनंही त्यांना साथ दिली. तीसेक वर्षं ते सरकारी पगारावर लोकांना मराठीत "पुढं सरका" आणि कानडीत "मुंद होग्री" असं ओरडून सांगत होते. आपल्या तत्त्वज्ञानासाठी पगार मिळालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून काठावर हजर झाले. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते म्हणाले, "आमच्या घरातलं पयलं माणूस पाण्यात उतरतंय आन् मी घरात बसू व्हय?"

माइकवरचा माणूस सूचना सांगत होता. आधी कानडीत, मग इंग्रजीत, मग कुणीतरी काठावरून आवाज दिल्यावर मराठीत. सीमाभागात बुडायचं कसं नाही हेही तीन भाषांत सांगावं लागतं, आणि क्रम चुकला तर बुडणं बाजूला राहून मोर्चा निघतो. मी कुठल्याच भाषेतलं काही ऐकत नव्हते. गुडघाभर पाण्यात, सगळ्यांच्या मागं आणि कडेला उभी होते. जागा बरोबर धरली होती. मागं आणि कडेला. श्वास सोड.

तेवढ्यात तो आवाज आला. भरलेल्या बसच्या टपावर बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा.

"ए! हिला मागं कुणी हुबं केलंय?"

सगळे वळले. आप्पा थेट आयोजकांच्या समोर जाऊन उभे राहिले होते. आयोजक शिकलेला, सभ्य माणूस, गळ्यात शिट्टी. "नाव घातलंय न्हवं तिनं? मग मागं का म्हणून? कोपऱ्यात का म्हणून?" आप्पांनी विचारलं.

आयोजकांनी माझ्याकडं पाहिलं, माझं आडनाव आठवलं असावं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "छे छे काका, आमच्याकडं असलं काही नसतं हो," ते म्हणाले. असलं म्हणजे कसलं, ते आप्पांनी अजून विचारलंही नव्हतं. कोच मध्ये पडले आणि "अंकल, ही स्ट्रॅटेजी आहे," म्हणाले. आप्पा म्हणाले, "व्हय, ठावं हाय. आमच्या बाबतीत लई जुनी स्ट्रॅटेजी हाय ही."

आता मी बोलायला हवं होतं. आप्पा, मी स्वतःहून मागं उभी आहे, मला भीती वाटते, एवढंच. पण जमलेल्या लोकांसमोर आप्पांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर लाथा खाण्यापेक्षा मला भीती वाटते हे आप्पांना सांगणं अवघड होतं. जिथं काठावरही पाय ठेवू देत नव्हते तिथून ज्या माणसानं सुरुवात केली, त्याला त्याची इंजिनिअर मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून काय सांगणार?

"पुढं सर गं बाळ! सरका ओ, सरका, वाट द्या! मुंद होग्री!" आप्पांचा आवाज सुटला आणि पोलादी मांड्यांची ती माणसं निमूट बाजूला झाली. या आवाजाला आमच्या भागातल्या लोकांचे पाय आपोआप हलतात. मी सगळ्यांच्या मध्ये, पहिल्या रांगेत येऊन उभी राहिले. आयोजकांनी माझ्याकडं बघून इतकं गोड हसून दाखवलं की मी गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला. काठावर आप्पांची छाती फुगली होती. शिट्टी वाजली.

पुढचं फार थोडं आठवतं. कुणाचा तरी पाय कानशिलावर बसला. कुणीतरी माझ्या पाठीवरून गेलं, चक्क वरून, पायवाट असल्यासारखं. गॉगल सरकला. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर हवेच्या जागी पाणी. पाय खाली सोडले तर खाली काही नव्हतं. मी उताणी झाले, आभाळ बघितलं, पण श्वास काही सुटेना, छातीत अडकून बसला. क्लबच्या ग्रुपवरचं एकही वाक्य मदतीला धावून आलं नाही, केळंसुद्धा नाही.

बचावाची होडी जवळ आली. मी तिची कड धरली. कड धरून थांबलं तर चालतं, आत बसलं की संपलं. होडीतल्या माणसानं विचारलं, "मॅडम, घेऊ काय वर?" मी हो म्हणणारच होते. खरंच म्हणणार होते.

तेवढ्यात काठाकडं गलका झाला. बघते तर आप्पा पाण्यात. बुटांसकट. इस्त्रीची पँट मांडीपर्यंत भिजलेली, हात पुढं केलेले, आणि दोन स्वयंसेवक त्यांच्या शर्टाला धरून मागं ओढतायत. ज्याला आंघोळीच्या पाण्यापलीकडचं पाणी ठाऊक नाही असा माणूस माझ्याकडं निघाला होता.

"आप्पा, बाहेर व्हा! तुमाला पवाय येत न्हाय!" मी ओरडले.

"मग तुला तरी कुठं येतंय?" आप्पा ओरडले.

"मला येतंय! मी घाबरलेय! म्हणून तर मागं हुबी होते! मला कुणी न्हाय मागं ठेवलं, मीच हुबी होते!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं. माइकवाला सुद्धा गप्प झाला, तिन्ही भाषांत. आप्पा होते तिथंच थांबले. मांडीभर पाण्यात उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा मला तेवढ्या लांबून नीट दिसत नव्हता, आणि मला वाटलं, मी त्यांचं आयुष्यभराचं काहीतरी मोडलं.

मग तोच बसमधला आवाज आला, पण जरा फाटलेला.

"मग मागनं ये की गं! सगळ्यांच्या मागनं ये! शेवटची ये! कोण काय म्हणतंय बघतो मी, मी हाय हितं!"

मला रडू फुटलं. गॉगलच्या आत रडलं की पाणी बाहेर जायला वाट नसते, तो काढून पुन्हा घालावा लागतो, हे कुणी ग्रुपवर सांगितलं नव्हतं. रडता रडता छातीत अडकलेला श्वास कधी सुटला ते कळलं नाही. सगळे केव्हाच पुढं निघून गेले होते. माझ्यासमोर पाणी मोकळं होतं. "नको वर," मी होडीवाल्याला म्हटलं आणि कड सोडली.

मी सावकाश हात मारत निघाले. श्वास घ्यायला तोंड वळवलं की प्रत्येक वेळी काठ दिसायचा. काठावरून ओल्या बुटांनी आप्पा चालत होते. माझ्या पुढं जाऊ नये म्हणून थांबत, थांबत.