दिलीपचं रंगीत, माझं काळं

दुकान चालवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक येतं, बसतं, चहा पितं, काम शेजारच्याला देतं आणि किस्सा तेवढा आपल्याकडे ठेवून जातं! माझ्याकडचे निम्मे असेच साठलेत, आणि त्या प्रत्येकात दिलीप आहे.

दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. औरंगाबादेत चिकलठाण्याच्या बाजूला आमची लेबल छापायची दुकानं, भिंतीला भिंत लागून. दोघांकडेही थर्मल ट्रान्सफर मशीन. तापलेलं हेड रिबनवरची शाई लेबलवर उठवतं. छपाई काळी, पण पक्की. कारखान्यांचे बारकोड, ड्रमवरच्या सूचना, असलं काम.

दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढत चाललेलं. नव्या वसाहतींत घरोघरी पाण्याचे जार. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लासूर स्टेशनचे कचरूनाना, जारच्या प्लांटचे मालक. त्यांच्या लेबलांवरच माझं दुकान उभं होतं. आणि नेमकं तेव्हाच दिलीपनं रंगीत इंकजेट आणलं!

*

मशीन आलं त्या दिवशी त्यानं नारळ फोडला, पेढे वाटले. घरी न्यायला दिलेल्या पेढ्याच्या डब्यावर लेबल, आणि लेबलवर त्याचाच हसरा फोटो! मी "वा वा" म्हणालो आणि डबा न उघडताच पोराबरोबर घरी पाठवून दिला.

संध्याकाळी घरी गेलो तर आमच्या फ्रीजवर दिलीप हसतोय! बायकोनं डब्यावरून अलगद काढून चिकटवला होता.

"किती छान आलाय ना भावजींचा फोटो?" ती म्हणाली.

"माझ्या मशीनवरही फोटो निघतो," मी म्हणालो.

"नको. तुमचा काढला तर पोलीस शोधताहेत असं वाटेल!"

*

खुलताबादच्या राबियाआपा मिरचीचं लोणचं करून विकायच्या. बरणीची लेबलं वर्षानुवर्षं माझ्याकडून नेत. एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "भाई, इस बार मिर्ची का फोटो होना. लाल."

मी उडालोच. म्हटलं, "आपा, लाल रिबन लावतो ना! अख्खी मिरची लालभडक!"

"और डंडी?"

माझ्या मशीनला एका वेळी एकच रंग. मी हळूच म्हणालो, "तीही लालच येईल."

आपांनी पिशवी उचलली. "भाई, मिर्ची की डंडी हरी रहती. दिलीपभाई कू मालूम है!"

*

आता खरं सांगतो, मी जळत होतो. नुसता हेवा नाही, चांगली पोटात आग. दिवसभर त्याच्या दाराशी थांबणाऱ्या गाड्या मोजायचो.

इंकजेटची शाई पाण्यात पसरते असं कुणीतरी सांगितल्यापासून मला जरा बरं वाटायला लागलं. जारचं काम तरी तो नेणार नाही! खात्री करायला त्याच्या दुकानाबाहेर पडलेलं एक रद्दी लेबल गुपचूप उचललं, माझ्या पिण्याच्या ग्लासात बुडवलं आणि बघत बसलो. जेवणाची वेळ झाली. रंग जागचा हलला नाही.

तेवढ्यात दिलीप आत आला. ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पिगमेंट शाई आहे रे ती, पसरत नाही. मला विचारायचंस की! एवढ्या टंचाईत ग्लासभर पाणी वाया घालवलंस!"

*

लष्करी छावणीतल्या बेकरीवाल्या अंकलनी तर कहर केला. केकच्या डब्यांची लेबलं दिलीपकडून छापून घेतली. गुलाबाची फुलं, क्रीम, चेरी, सगळं झकास. मग तोच रोल माझ्यासमोर ठेवला. खाली एक कोपरा कोरा सोडलेला.

"इथं तू बॅच नंबर आणि तारीख टाक," अंकल म्हणाले. "रोज बदलते ना. त्याला रंगीत मशीन कशाला झिजवायला लावू?"

असं चालतं आमच्या धंद्यात, दोन मशीनचं काम एका लेबलवर. व्यवहार म्हणून बरोबरच आहे. पण त्याच्या गुलाबांखाली तारखा छापताना माझी काय अवस्था झाली असेल!

"वाईट काय वाटून घेतोस?" अंकल म्हणाले. "लोक आधी तुझंच वाचतात."

"खरंच?"

"मग? केक शिळा आहे का, ते बघायला!"

*

आणि शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. कचरूनानांनी दिलीपची रंगीत लेबलं बघितली. दोघांनाही प्लांटवर बोलावलं आणि एकेक जार पुढं ठेवला.

"आपापलं लेबल चिटकवा. आठ दिस हौदात बुडवून ठिवतो. जे टिकंल त्येला वर्साचं काम."

दिलीपनं कागदी लेबल लावलं, निळा धबधबा आणि हिरवं रान. मी प्लॅस्टिकचं लावलं, काळ्या अक्षरांत नाव आणि पत्ता. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. काम गेलं असतं तर दुकानाला कुलूपच.

नवव्या दिवशी दिलीपच्याच स्कूटरवरून लासूरला गेलो. हौद कोरडा ठणठणीत! टँकर आला नव्हता, म्हणून नानांच्या आईनं हौदातलं पाणी शेळ्यांना पाजलं होतं. शेळ्या हौदात उतरल्या होत्या आणि दोन्ही जार आडवे पडले होते. माझं लेबल शाबूत. दिलीपच्या जारवर धबधबा नाही, रान नाही, नुसता डिंक.

"त्या कानफाट्या शेळीनं खाल्लं," नाना म्हणाले. "पार चाटूनपुसून. काम तुला रे बाबा. आमच्या घरी शेळ्या लई हायत."

मी सुटलो! दिलीपनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या शेळीची मान खाजवत बसला. शेळी त्याच्या खिशात तोंड घालून आणखी काही मिळतंय का बघत होती.

नानांनी मला चहा दिला. मी दोन घोट घेतले. राहवेना, म्हणून हळूच विचारलं, "नाना, माझ्या लेबलला तिनं तोंड तरी लावलं होतं का?"