दीक्षाताईंचा साझा चॅनल

इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय हे वासावरून कळतं आणि कोणाचं काय बिनसलंय हे आवाजावरून. पण दीक्षा तायडे नोकरीत नेमकं करते काय, हे गल्लीला कधी धड समजलं नाही. पोलिसात आहे म्हणावं तर अंगावर वर्दी नाही. इंजिनियर म्हणावं तर कोणाचा साधा टीव्ही दुरुस्त करून देत नाही. ती लोकांचे फोन ऐकते असा कुमुदिनीकाकूंचा पक्का समज होता, त्यामुळे तिच्या खिडकीखालून जाताना काकू मोबाईल पदराखाली झाकायच्या. त्या मोबाईलवर काकू उभ्या गल्लीच्या भानगडी ओरडून बोलतात. मुद्दाम चोरून ऐकायची गरजच काय?

खरं काम साधं होतं. पोलीस, फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्सवाले यांच्या हातात ते काळे वायरलेस सेट असतात ना, त्यांतला कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलेल आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घुसणार नाही, हे बघायचं. वायरलेसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दुसऱ्यानं गप्प राहून ऐकायचं आणि आपली पाळी आली की बोलायचं. घरीही दीक्षा हाच नियम चालवायची. नवरा ज्ञानदीप सांवेर रोडच्या कारखान्यात दिवसभर मशिनींचा गोंगाट ऐकून यायचा आणि रात्री बायकोचं ऐकायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, बिचाऱ्याची पाळी अजून यायची आहे.

सासरे तात्याराव मात्र सुनेवर फिदा. महूच्या फौजेत उभं आयुष्य त्यांनी सिग्नलमध्ये काढलं. पाठीवर पेटीएवढा वायरलेस घेऊन डोंगर चढलेला माणूस. मुलानं हा वारसा सोडून कारखान्यातले बेअरिंग धरले याचं त्यांना मनातून दुःख होतं, आणि सुनेनं तो उचलला याचा इतका गर्व, की भाजीवाल्यालाही थांबवून सांगायचे, "हमारी बहू हवा संभालती है भिया." भाजीवाला समजायचा पंख्यांचं दुकान आहे.

तर या हवा सांभाळणाऱ्या बाईनं वर्षभर एक उपद्व्याप चालवला होता. इंदूर, देवास आणि उज्जैन ही तीन शहरं एकमेकांना इतकी खेटून, की फ्रिक्वेन्सींची हद्द राहायची नाही. उज्जैनचा हवालदार वायरलेसवर गाडी मागवायचा आणि इंदूरचा ड्रायव्हर गाडी काढून उभा. बरं, मोठ्या बंदोबस्ताला तिन्हीकडची कुमक एकत्र आली, की उलटा तमाशा. प्रत्येकाचा चॅनल वेगळा, त्यामुळे खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन शिपाई एकमेकांशी वायरलेसवर बोलू शकायचे नाहीत. दीक्षाचं म्हणणं, तिघांनी आपापल्या जागा नीट वाटून घ्या आणि गर्दीच्या दिवसासाठी एक साझा चॅनल ठेवा, ज्यावर पोलीस, फायर, अँब्युलन्स सगळे एकत्र.

म्हणायला सोपं. प्रत्यक्षात ते तीन घरांच्या विहिणींना एका चुलीवर स्वयंपाकाला बसवण्यासारखं होतं. देवासहून बैठकीला यायचे नचिकेत पागे. माणूस भला, पण स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला असा कवटाळून बसायचा जणू आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलीय. दीक्षानं त्यांना कधी चार्ट दाखवून, कधी गरम कचोरी खिलवून, शेवटी पटवलं. उज्जैनवाले पाठोपाठ आले. तुकोगंजच्या ऑफिसातले मोठे साहेब मात्र पुरते वळले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की रंगपंचमीच्या गेरला लावून बघा. चालला तर कायम, नाही चालला तर फाइल बंद, आणि पुन्हा हा विषय माझ्या टेबलावर आणू नका.

आता गेर म्हणजे काय हे इंदूरबाहेरच्यांना सांगायलाच हवं. रंगपंचमीला राजवाड्याच्या रस्त्यांनी जी मिरवणूक निघते तिला मिरवणूक म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. ट्रकवर बसवलेल्या मोठमोठ्या नळ्या गुलाल तिसऱ्या मजल्यापर्यंत फेकतात, टँकरमधून रंगीत पाणी उडतं, डीजे छातीत वाजतो, आणि लाखो माणसं अशी रंगतात की सख्खी आई पोराला ओळखत नाही. दीक्षाच्या वर्षभराच्या मेहनतीची परीक्षा नेमकी तिथं.

तिनं तालीम करून घेतली. सेट दणदणीत बोलले. राहिला रंगाचा प्रश्न. सेटमध्ये रंग गेला की सेट मेला. त्यावर इंदूरचा उपाय ठरलेला आहे: त्या दिवशी जो तो आपला मोबाईल पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, घालतो आणि वरून रबर लावतो. दीक्षानंही हुकूम काढला, सगळे सेट पन्नीत. सियागंजमधून पन्न्या आणि रबराचा गठ्ठा आला. नमुन्याचा सेट बांधायला घरी आणला, तर तात्याराव चष्मा लावून तयार. खाली एक रबर, वर एक रबर. तात्याराव म्हणाले, हे सुटेल. फौजेत आम्ही मधोमधही एक आवळायचो, नदीतून गेलो तरी थेंब आत जायचा नाही. सूनबाईला पटलं. नमुन्याचा फोटो तिन्ही जिल्ह्यांना गेला, खाली ओळ: तीन रबर, घट्ट.

गेरच्या सकाळी हजेरी झाली. प्रत्येकानं हातात सेट धरून आपलं ठाणं सांगितलं, आवाज काचेसारखा स्वच्छ. कंट्रोलच्या गाडीत बसलेल्या दीक्षाला आनंदानं बसवेना. साहेब शेजारी येऊन बसले होते आणि चक्क दुसरा चहा मागत होते. हजेरी संपली, शिपायांनी सेट कमरेला खोचले, गेर हलली, पहिला गुलाल उडाला आणि चॅनलवर एकदम शिट्टी वाजू लागली.

शिट्टी म्हणजे नुसती शिट्टी नाही. दोन-तीन आवाज एकमेकांत गुंतून किंचाळल्यासारखं, मध्येच ढोल, मध्येच कोणी तरी आपल्या मोबाईलवर बायकोला समजावतोय की सासूला आज आणायला जाणं शक्य नाही. तीन जिल्ह्यांनी ते ऐकलं. त्यानंतर एक घसा ठसठशीत म्हणाला की इंदूरचा पोहा भोत कोरडा असतो, उज्जैनची बात निराळी. यावर एरवी दंगल झाली असती, पण उत्तर द्यायला चॅनल मोकळा असेल तर ना.

नचिकेतराव गाडीत होते. त्यांनी लगेच इंदूरवाल्यांच्या बेकायदा बूस्टरवर बोट ठेवलं. दीक्षाला संशय देवासच्या टेकडीवरच्या यंत्राचा. दोघं जी-जी करत इतके भांडले की साहेबांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, पंधरा मिनिटांत हे थांबलं नाही तर जुने चॅनल चालू करा. तेवढ्यात दीक्षाच्या मोबाईलवर अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. राजवाड्यामागच्या गल्लीत एका आजोबांच्या छातीत कळ उठली होती, त्यांना गाडीत घेतलं होतं, आणि गर्दीतून कुठल्या बाजूनं काढू असं तो विचारत होता. वायरलेसवर कोणी ऐकत नाही, म्हणाला. रस्ता मोकळा करायचा तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या शिपायांना एकदम सांगायला हवं होतं, आणि साझा चॅनल होता तो नेमका याचसाठी.

दीक्षानं सिग्नल कुठून येतोय ती दिशा दाखवणारा अँटेना उचलला, आपला सेट कानाला लावला आणि गर्दीत उतरली. नचिकेतराव मागोमाग. अँटेना माशाच्या काट्यासारखा दिसतो. लोकांना वाटलं हा कुठला तरी नवा रंग उडवायचा प्रकार आहे, त्यांनी आनंदानं वाट दिली. काटा समोरच्या डीजेच्या ट्रककडे वळवला की शिट्टी सगळ्यांत जोरात यायची. दीक्षाच्या डोक्यात उजेड पडला: डीजेचा बिनतारी माईक. दरवर्षी कोणी तरी असला स्वस्तातला माईक आणतो आणि पोलिसांच्या हवेत घुसतो. चोर सापडला.

ती ट्रकवर चढली. डीजेवाला ढोलाच्या ठेक्यात होता, चेहऱ्यावर हिरवा, दातही हिरवे. दीक्षानं त्याला असा फैलावर घेतला की खाली बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार मान वर करून कौतुकानं ऐकू लागला. माईक बंद कर, लायसन दाखव, तुझ्यामुळे एक माणूस मरेल. गडी घाबरला, त्यानं माईक बंद केला, वर सगळा डीजेच बंद केला. क्षणभर राजवाडा मुका झाला.

आणि शिट्टी चालूच.

नुसती चालूच नाही. दीक्षा पुढचं वाक्य बोलली आणि तेच वाक्य, तिच्याच आवाजात, तिच्या कानाजवळच्या सेटमधून बाहेर आलं. ती थबकली. हळूच म्हणाली, "हॅलो." सेट म्हणाला, हॅलो, आणि कान फाटेल असा केकाटला. म्हणजे कोणी तरी तिचा आवाज इथून, या ट्रकपासून, चॅनलवर सोडत होतं. तिनं खाली पाहिलं. कौतुक करणारा हवालदार. त्याच्या कमरेला पन्नीतला सेट, पन्नीवर लाल गुलालाचा थर. बोलताना सेटवर लाल दिवा लागतो. लाल गुलालाखाली लाल दिवा कोणाला दिसणार? दीक्षानं त्याला हात धरून ट्रकवर ओढलं आणि बोटानं गुलाल पुसला. दिवा जळत होता. आणि मधला रबर कमरेला घासून सरकलेला, बोलायच्या बटणावर बरोब्बर आवळून बसलेला.

तात्यारावांच्या काळातल्या सेटला बोलायचं बटण पेटीवर नसायचंच, ते वेगळ्या हातमाईकवर असायचं. पेटी कितीही आवळा. आजच्या सेटचं बटण सेटच्याच कुशीला असतं. म्हणजे शहरभर जेवढे सेट तेवढे रबर, आणि जेवढे रबर सरकले तेवढे शिपाई नकळत एकाच वेळी बोलत होते. एका वेळी एकानंच बोलायचं हा नियम घरातही लावणाऱ्या बाईनं स्वतःच्या हुकुमानं सगळ्यांची तोंडं उघडून ठेवली होती.

नचिकेतरावांनी रबर पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. हसायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून मिटलं.

"मॅडम, सांगणार कसं सगळ्यांना? ज्याचं बटण दबलंय त्याला ऐकूच येत नाही."

तेच तर. बोलणाऱ्या सेटला ऐकू येत नाही. एकेक शिपाई शोधायचा तर संध्याकाळ झाली असती, आणि आजोबा गल्लीत अडकलेले. दीक्षानं इकडेतिकडे बघितलं. समोर हिरव्या दातांचा डीजेवाला हात जोडून उभा होता.

"माईक चालू कर," ती म्हणाली. "पूरा आवाज."

तो गोंधळला. आताच तर बंद करायला लावला होता. पण बाईसाहेबांचा तोरा बघून त्यानं बटण फिरवलं, आणि राजवाड्याच्या चौकात, लाखभर रंगलेल्या डोक्यांवर, छत्रीबागेच्या सुनेचा आवाज घुमला.

"सारे पुलिसवाले ध्यान दें. सेट पर जो बीचवाला रबर है, उसको अभी के अभी तोड़ो. तोड़ के फेंको. अँब्युलन्स रुकी है."

इंदूरच्या पब्लिकला एवढं पुरे होतं. आधी ट्रकपुढच्या पोरांनी धरलं, मग गच्च्यांवरच्या बायकांनी, मग पुढच्या-मागच्या डीजेवाल्यांनी: बीचवाला रबर तोड़ो. ठेक्यावर. जिथं शिपाई दिसेल तिथं चार रंगलेले भिडू त्याच्या कमरेला झोंबायला लागले. उज्जैनच्या एका फौजदाराला वाटलं हल्ला झाला. लोकांनी त्याचा रबर तोडला, त्याला गुलाल लावला आणि पाठ थोपटून पुढे गेले. शिट्टीचा एक पदर तुटला. मग दुसरा. सासूवाला बंद झाला. पोहेवाला बंद झाला. आणि मग एकदम चॅनलवर ती शांतता आली जिच्यासाठी दीक्षानं वर्ष घालवलं होतं.

आता वेळ घालवायचा नव्हता. ट्रकवरून तिला सगळं दिसत होतं. तिनं सेटवर अँब्युलन्सला गल्लीच्या डाव्या तोंडानं काढायला सांगितलं, देवासच्या तुकडीला गर्दी मागे लोटायला, उज्जैनच्या लोकांना पुढचा टँकर थोपवायला. तिन्ही जिल्ह्यांतून एकापाठोपाठ एक होकार आले, प्रत्येक आपल्या पाळीनं. आणि गर्दी अशी दुभंगली जशी भांगात फणी फिरते. एवढा हुल्लडबाज जमाव, पण सायरन ऐकला की गुलाल फेकणारा हातही वरच्या वर थांबतो. अँब्युलन्स त्या रंगीत भांगातून सरळ निघाली. थोड्याच वेळात ड्रायव्हरचा आवाज आला, की दवाखान्यात पोहोचलो, आजोबा बोलतायत, चष्मा कुठाय विचारतायत.

मग चॅनलवर साहेब आले. सगळे ऐकत होते, तीन जिल्हे, पोलीस, फायर, सगळे.

"ये तीन रबर का ऑर्डर किसका था?"

मधला रबर कोणी सुचवला हे ती सांगू शकली असती. नचिकेतरावांनी तोंड वळवलं. दीक्षानं बटण दाबलं.

"मेरा था सर. मैंने लिख के भेजा था."

मग साहेब म्हणाले, "ठीक है. चैनल तो चला. जुने चॅनल पे कोणी जाणार नाही, सब यहीं रहेंगे. आगे से दो रबर."

साहेब मुळात जबलपूरकडचे. इंदुरात इतकी वर्षं काढून त्यांच्या तोंडी मराठीची ‘कोणी जाणार नाही’ ही एवढीच ओळ आली, आणि ती तिच्या फाइलसाठी.

दीक्षानं अँटेना काखेत मारला आणि ट्रकवरून उतरू लागली. डीजेवाला आडवा आला. त्यानं अदबीनं विचारलं, दीदी, बुरा न मानो तो? आतापर्यंत त्या चौकात कोरडी अशी ती एकटीच उरली होती. तिनं सेट नचिकेतरावांच्या हातात दिला, चष्मा काढला आणि म्हणाली, हां, मार.

ट्रकवरची नळी फिरली.