कंपनीच्याच ताब्यात दिलेली बॅटरी

ती दुपार निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. एप्रिलचे ऊन, त्यात कूलर बंद. दीडच्या सुमारास फोन आला की विणकरांच्या वस्तीत एक घर पेटले आहे. आम्ही पोहोचेपर्यंत अग्निशामक दलाने आग विझवली होती. पुढच्या खोलीत झोपलेली सत्तरीची आई धुरात गुदमरून गेली होती. दाराशी धाकट्या मुलाच्या विजेवरच्या स्कूटरचा सांगाडा उरला होता. ती चार्जिंगला लावून तो कामावर गेला होता.

अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. संध्याकाळी एक शेजारी ठाण्यात आला.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. थोरल्याला सकाळी डिझेलचा कॅन आणताना बघितलंय मी. वाटणीवरनं दोघा भावांचं लई वाजलंय."

मला तेवढे पुरले. आईचे क्रियाकर्म उरकण्याआधीच थोरल्याला चौकशीला आणून दोन दिवस बसवून ठेवले. तो एकच सांगत होता, "कॅन माग पुसायला आणला साहेब. कारखान्यात हाय, बघून या की."

मी आवाज चढवला. "तुझा भाऊच म्हणतोय, तू पेटवलंस."

धाकटा असे काहीही म्हणाला नव्हता. चौकशीत आम्ही असे बोलायचो, आणि त्याचे काही वाटायचे नाही. थोरला म्हणाला, "तो म्हणला? मग लिहा काय लिहायचं ते."

तिसऱ्या दिवशी बातमी वाचून मोहोळहून एक प्राथमिक शिक्षक आले. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तसाच सांगाडा.

"आमची बी अशीच पेटली की साहेब. हीच कंपनी, हेच मॉडेल. चार्जिंगला बी नव्हती, नुसती अंगणात उभी होती."

"मग तक्रार का नाही केली?"

"कंपनीची माणसं दुसऱ्याच दिवशी आली. नवी गाडी दिली आन् कुणाला सांगणार न्हाय म्हणून सही घेतली. कागदाची प्रत बी दिली न्हाय. मी गप बसलो. आता म्हातारी गेली म्हटल्यावर जेवण जाईना."

मी पंचनामा पुन्हा काढला. 'घटनास्थळी इंधनाचा वास नाही.' अक्षर माझेच होते. थोरल्याला सोडले, खरे काय ते सांगितले. पण भावाबद्दलचे माझे ते खोटे बोलणे त्याच्या मनातून गेले नाही. महिन्याभरात धाकटा बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे गेला.

आता कंपनी उरली. परिवहन कार्यालय म्हणाले, "आम्ही फक्त नोंदणी करतो, मॉडेलला मंजुरी वरून येते." वर लिहिले, तर पत्र फिरत राहिले. सरकारी प्रयोगशाळेने कळवले की अशा बॅटरीच्या तपासणीची सोय नाही. अशात कंपनीचे दोन इंजिनिअर आणि एक वकील आले. अतिशय नम्र माणसे. "बॅटरी आमच्या प्रयोगशाळेत तपासून देतो," म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, "देऊन टाका, प्रकरण लांबवू नका." रीतसर ताबा पावती करून मी ती जळकी बॅटरी त्यांच्याच हातात दिली.

दीड महिन्याने दोन पानी अहवाल आला. ग्राहकाने भलताच चार्जर वापरला. चार्जर कंपनीचाच होता, त्याचा क्रमांक पंचनाम्यात होता. मी तसे कळवले, त्याला उत्तर आले नाही. शिक्षकांकडे दाखवायला कागद नव्हता. अपघाती मृत्यू म्हणून फाइल बंद झाली आणि ते मॉडेल दुकानांत विकले जात राहिले.

जो माणूस सहज हाती लागतो, त्याच्यावर आपण खात्याची सगळी ताकद लावतो, आणि जिथे ती खरी लावायची तिथे नियम शोधत बसतो. हे मला फार उशिरा कळले.

निवृत्तीनंतर मी थोरल्याकडे माफी मागायला गेलो. त्याने माग बंद केला, मला बसायला दिले. माझे ऐकून घेतले.

"साहेब, ते कंपनीवाले आले त्या दिवशी मी जबाबावर सही करायला आलो होतो. बाहेर बाकावरच होतो. तुमी मला दोन दिवस फरशीवर बसवलं. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला."

एवढे बोलून त्याने माग पुन्हा सुरू केला. त्या आवाजात बोलणे शक्य नव्हते. मी उठलो.