कच्चा आवाज

बँडमधली पोरं तिला वहिनी म्हणत, म्हणून गल्लीही म्हणू लागली. गिटारवाल्याची बायको. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि तिथे उरकलं नाही ते घरी घेऊन यायची. पुढची खोली निम्मी तिच्या मशीनची, निम्मी बँडची. ज्याला सगळे ठोक्या म्हणत तो ड्रमर सुरू झाला की तिच्या टाचण्या डबीत नाचायच्या आणि मागच्या खोलीतून सासूबाई ओरडायच्या, "अरे, गाणं बसवताय की घर पाडताय?"

"दोन्ही, काकू!" ठोक्या म्हणायचा.

पहिला अल्बम पोरांनी याच खोलीत बसवला आणि तो अनपेक्षितपणे गाजला. गायकाला तेव्हापासून हिरो हे नाव पडलं, कारण तो घरातही काळा चष्मा लावू लागला. दुसऱ्या अल्बमला मात्र खरा स्टुडिओ मिळाला. त्यातल्या गायकाच्या छोट्या खोलीला जाड पडदे हवे होते, ते काम वहिनीकडे आलं.

ती स्टुलावर चढून पडद्यांच्या कड्या अडकवत होती, तेव्हा निरोप आला की हिरोचा घसा बसलाय. रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. ड्रम आणि गिटार वाजवून घ्यायचे तर कोणीतरी सोबत गायला हवं, नाहीतर कडवं कुठे संपतं तेच वाजवणाऱ्यांना कळत नाही. त्याला तिथे कच्चा आवाज म्हणत. नंतर खरा गायक गातो आणि कच्चा पुसून टाकतात.

"वहिनी, तुम्हाला सगळी गाणी येतात," ठोक्या म्हणाला.

"मला? छे!"

"रोज मशीनवर गाता की."

"मशीनला कान नसतात म्हणून."

"आम्हीही कान बंद करतो. या ना!"

"अहो वहिनी, याच आता," रेकॉर्डिस्टही म्हणाला. तेव्हा ती पदराला हात पुसत खाली उतरली.

तिचं सगळं असंच असे. पाहुणी म्हणून कुठे गेली आणि चहा विचारला, तर आधी "नको, आत्ताच झालाय," मग "बरं, अर्धाच," आणि तिसऱ्यांदा विचारलं की कपभर. सासूबाईंची शिकवणच तशी होती. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी बाई अधाशी. ओळखीपाळखीत कोणी पहिला नकार खरा धरत नसे, त्यामुळे वहिनी आयुष्यात चहावाचून कधी राहिली नव्हती.

ती गायला लागली. आवाज पुसलाच जाणार, तेव्हा कोणाला दाखवायचं काही नव्हतं. पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी गायली. एक गाणं होतं बंद पडलेल्या दुकानाचं. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या माणसाचा पाय सवयीने तिथे अडखळतो, एवढंच त्यात होतं. ते संपल्यावर ठोक्या काड्या मांडीवर ठेवून गप्प बसला. त्याने गप्प बसणं ही मोठीच गोष्ट होती.

हिरो बरा होईपर्यंत दुकान सुटलं की ती स्टुडिओत जायची. एकदा परतताना तिने नवऱ्याला विचारलं, "कच्चा आवाज पुसावाच लागतो का हो?"

"लागतो. टेपवर जागा कुठे असते!"

"सगळाच?"

"सगळाच. का गं?"

"सहज विचारलं." पण त्या दिवसापासून ती घरीही मन लावून गाऊ लागली. भांडी घासताना ते दुकानाचं गाणं थांबवून, मागे जाऊन, पुन्हा नीट म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "आता तूही लागलीस का नादाला?" ती हसली. एक गाणं. अल्बममध्ये तेवढं एक राहावं असं तिला वाटत होतं. बोलणार कोणाशी?

हिरो आला, एकेक गाणं गाऊन गेला. ते दुकानाचंही गायला, पण असं, की ठोक्या हळूच म्हणाला, "दुकान बंद आहे रे बाबा, त्याला आग नाही लागलेली."

रेकॉर्डिस्टने दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकवले. मग खुर्ची वळवून म्हणाला, "मला विचाराल तर हे एक वहिनींचंच ठेवू, हिरोचा आवाज मागून साथीला."

हिरोने चष्मा काढला. सगळ्यांना वाटलं, आता तमाशा. पण तो म्हणाला, "ठेवा की. चांगलंय."

सगळे वहिनीकडे पाहू लागले. तिचे कान तापले.

"छे हो, माझा कसला आवाज! त्यांचाच ठेवा."

आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तो म्हणेल, "अगं, राहू दे की." मग ती म्हणेल, "नको बाई, लोक हसतील." मग ठोक्या काहीतरी बोलेल, आणि मग ती बरं म्हणेल. नवरा वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "ती नको म्हणतेय ना."

रेकॉर्डिस्ट कामाचा माणूस. "मग पुसू?" असं त्याने टेपकडे बघतच विचारलं आणि बटण दाबलं. रिकाम्या झालेल्या जागेवर त्याच दुपारी गिटारवाल्याने दुसरी गिटार वाजवली. वहिनी घरी आली आणि तिने एका पडद्याची शिवण उसवून पुन्हा घातली. ती मुळात सरळच होती.

अल्बम आला. लोक म्हणाले, साफसुथरा आहे, पहिल्याची मजा नाही. हिरो वेगळा झाला, ठोक्याने टायरचं दुकान टाकलं, गिटारवाला शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊ लागला. सासूबाई गेल्या. पुढची खोली पूर्ण मशीनची झाली. कोणी गायला सांगितलंच तर वहिनी एकदाच नको म्हणायची आणि उठून आत जायची.

पुष्कळ वर्षांनी एका संध्याकाळी रेडिओवर जुन्या बँडांचा कार्यक्रम लागला. बोलत होता तोच रेकॉर्डिस्ट. "त्या अल्बममधला सगळ्यात चांगला आवाज मीच पुसला," तो म्हणाला. "काय करणार, बाई स्वतःच नको म्हणाली."

मशीन थांबली.

"एकदाच म्हणाले होते," वहिनी म्हणाली.

नवऱ्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "माहीत होतं मला. अजून एकदा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. टेपवर तेवढीच जागा उरली होती, आणि मला तिथे गिटार हवी होती."

"ते मला त्याच दुपारी कळलं."

"मग भांडली का नाहीस?"

"तुम्ही ती जागा मागितली असतीत तर भांडले असते. मागितलीत कुठे? चोराला दार मीच उघडून दिलं, वर या, बसा म्हणाले." तिने दोरा दाताने तोडला. "तुमचा राग येऊन जातो. माझा मला आलेला जात नाही."

"पुढच्या अल्बममध्ये तुला गायला लावायचं, असं ठरवलं होतं मी."

"हो. पुढच्या."

रेडिओवर ते दुकानाचं गाणं सुरू झालं. हिरोचं कडवं संपलं आणि नवऱ्याची गिटार आली. तो रेडिओ बंद करायला उठला.

"राहू द्या," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. गिटार खरंच सुंदर वाजली होती, आणि ते दोघांपैकी कोणालाच नाकारता येईना.